रविवारची मोटार

'कूपे' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना मोटारीमुळे नव्हे, तर आगगाडीमुळे ठाऊक असतो. पहिल्या वर्गाच्या डब्यातील दोघांपुरती ती लहानशी खोली म्हणजे कूपे. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ 'कापलेला' एवढाच. समोरासमोर आसने असलेल्या घोडागाडीचा पुढचा भाग कापून टाकला, की मागे दोघांना पुरेल अशी आटोपशीर गाडी उरे. तिला हे नाव पडले. पुढे घोडे गेले, यंत्र आले, पण नाव टिकले. दोन दारांची, उतरत्या छपराची आणि मागच्या आसनावर थोडी अडचण सोसावी लागणारी मोटार ती कूपे.

सोयीच्या दृष्टीने पाहिले, तर ही गाडी घेण्यास कोणतेच सबळ कारण नाही. चार दारांच्या भावंडापेक्षा ती महाग, आणि माणसे मात्र कमी नेते. म्हणूनच ती नेहमी हौसेची मोटार राहिली. परंतु वीस-तीस वर्षे लोटली की हीच हौस मध्यम मिळकतीच्या माणसाच्या आवाक्यात आल्यासारखी दिसते. 'दिसते' असे मी मुद्दाम म्हणतो. कारण या विषयातील सारी फसगत त्या एका क्रियापदात आहे. मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. श्रीमंताची मोटार स्वस्तात मिळाली, तरी ती खर्च मागते तो श्रीमंताच्या मोटारीचाच.

मी झाशीस राहतो. माझ्याजवळ मर्सिडीझची १२३ या मालिकेतील एक जुनी कूपे आहे, आणि दर रविवारी ती घेऊन मी बरुआसागरला जातो. झाशीहून खजुराहोकडे जाणाऱ्या रस्त्याने बेतवेचा पूल ओलांडला, की पुढे हे गाव लागते. ओरछाचा राजा उदितसिंह याने बांधविलेला विस्तीर्ण तलाव, त्यावर उभा असलेला किल्ला, जवळच प्रतिहारकालीन जराई का मठ, आणि बाजारात आल्याचे ढीग, असे ते गाव आहे. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. जुन्या मोटारीला हे अंतर औषधाच्या मात्रेसारखे मानवते. का, ते पुढे सांगतो.

ही कूपे १९७७ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि १९८५ पर्यंत बनत होती. या मालिकेच्या सुमारे सत्तावीस लाख मोटारी निघाल्या. त्यांत कूपे एक लाखाला थोड्याच कमी. चार दारांच्या मोटारीपेक्षा तिच्या चाकांतील अंतर साडेआठ सेंटिमीटरनी कमी आहे, आणि दाराच्या मागे छपराला आधार देणारा मधला खांब नाही. चारही काचा खाली घेतल्या, की पुढून मागेपर्यंत एकच मोकळी खिडकी होते. तिचे सौंदर्य यात आहे, आणि तिची दुखणीही यातच आहेत.

ती कशी, हे खरेदी करणाऱ्याने आधी समजून घ्यावे. इंजिन, गिअर, ब्रेक हे भाग बहुतांशी चार दारांच्या मोटारीचेच असतात. ते शोधल्यास मिळतात. परंतु दारे, काचा, काचांभोवतीचे रबर, मागचा पत्रा हे केवळ कूपेचे. एक काच फुटली, तर महिनोन्‌महिने परदेशी पत्रव्यवहार करावा लागतो. म्हणून इंजिनाचा आवाज ऐकून भुलू नये. आधी पत्रा पाहावा. गालिचा उचलून तळ पाहावा, चाकांवरच्या कमानी बोटांनी चाचपाव्यात, काचांच्या कडेला रंगाखाली फोड आले आहेत का ते पाहावे. बिघडलेले इंजिन दुरुस्त होते. गंजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो, आणि ते काम जाणणारे हात आता थोडे उरले आहेत.

दुसरी गोष्ट नावाच्या भ्रमाची. १२३ मालिकेच्या डिझेल मोटारीतील एक चार सिलिंडरचे इंजिन पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने परवान्याखाली बनविले आणि ते आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे टेम्पोंतून धावले. त्यामुळे 'हे इंजिन मला पाठ आहे' असे सांगणारे मिस्त्री पुष्कळ भेटतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. पण माझ्या कूपेचे इंजिन पेट्रोलचे आहे. त्यात पेट्रोल फवारणारी यंत्रणा विजेवर नव्हे, तर मुख्यतः दाबाच्या सूक्ष्म तोलावर चालते. एक कण कचरा किंवा पाण्याचा थेंब तिला पुरतो. मिस्त्री निवडताना त्याने मर्सिडीझ दुरुस्त केल्या आहेत का, हे विचारणे पुरेसे नाही. ही यंत्रणा उघडून पुन्हा बसविली आहे का, हे विचारावे.

आता देखभालीकडे वळू. धावून धावून मोटार झिजते हे सर्वांना कळते. उभी राहून ती अधिक झिजते हे मात्र पटत नाही. बॅटरी बसल्या जागी उतरते. टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर कडक होऊन तडकते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रविवारच्या मोटारीचे टायर नक्षीवरून नव्हे, या आकड्यांवरून बदलावेत. झाशीला उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हात रबर, कातडे आणि लाकूड तिन्ही वाळतात. घरच्या छपराखालची सावली हा सर्वांत स्वस्त सुटा भाग होय.

इंजिन चालू करून दाराशीच पाच मिनिटे ठेवणे हा उपचार नव्हे, अपचार आहे. थंड इंजिनात ज्वलनातून पाणी सुटते. तेल पुरते तापले तरच त्याची वाफ होऊन ते निघून जाते. न तापता बंद केलेल्या इंजिनात ते तेलात मुरते आणि धुराच्या नळीत गंज धरते. बरुआसागरचे अंतर मानवते म्हणालो ते यासाठी. तेवढ्या प्रवासात तेल तापते, गिअर फिरतात, ब्रेक घासून स्वच्छ होतात.

अलीकडे यात इंधनाची भर पडली आहे. २०२५ पासून आपल्या पंपांवर सर्वसाधारणपणे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पाण्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या धाटणीचे रबर त्याने फुगते. रोज धावणाऱ्या नव्या मोटारीस याचा त्रास कमी; महिनाभर उभ्या राहणाऱ्या चाळीस वर्षांच्या मोटारीस अधिक. उपाय असे, की इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्यात, गाळणी वेळेवर बदलावी आणि पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने साठवू नये.

ब्रेकविषयी सांगताना मला माझाच आळस सांगितला पाहिजे. ब्रेकचे तेलही हवेतील पाणी शोषते. डॉट-४ जातीचे नवे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावयाचे. मी ते पाच वर्षे बदलले नव्हते, आणि चाकांजवळच्या रबरी नळ्या तर कधीच नाहीत. बाहेरून त्या धडधाकट दिसत. एका रविवारी बरुआसागरला पोहोचता पोहोचता मोटार डावीकडे ओढू लागली. मागे दोन नातवंडे बसली होती. बाजारापाशी पाय दाबला, तो पायटा तळाला गेला, मोटार थांबेना. आल्याची एक हातगाडी समोर आडवी येत होती. या मोटारीत उभे करण्याचा ब्रेकही पायानेच दाबावयाचा असतो, आणि तो मागच्या चाकांवर तेलाशिवाय, तारेने चालतो. तो दाबला, गिअर उतरविला, आणि मोटार हातगाडीच्या अलीकडे थांबली. आले विकणाऱ्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा मुलांकडे पाहिले. तो काही बोलला नाही.

कारण नंतर उलगडले. जुनी रबरी नळी आतून फुगली होती. पायाच्या जोराने तेल पुढे जाई, पण पाय काढल्यावर परत येत नसे. ब्रेक चाकाला चिकटून राहिला, तापला, आणि पाणी मुरलेले तेल उकळून त्याची वाफ झाली. वाफ दाबली जाते, पण ब्रेक लावीत नाही. नळ्या आणि तेल मिळून जो खर्च आला, त्याहून अधिक पैसे मी त्याच वर्षी चकचकीत पॉलिशवर घातले होते.

कायद्याची बाजू थोडक्यात. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून त्याचे शुल्क देशी मोटारीस ५,००० आणि आयात केलेल्या मोटारीस ४०,००० रुपये झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० करण्यात आले. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूप राखलेल्या मोटारीस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मात्र ती नित्याच्या वापरासाठी नाही. इंजिन बदललेले असेल, तर नोंदणीपुस्तकात त्याची नोंद आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

मग ही मोटार घ्यावी की न घ्यावी? ज्याला ती एकुलती एक मोटार म्हणून हवी आहे, त्याने घेऊ नये. जो सारी शिल्लक खरेदीतच संपविणार आहे, त्याने तर मुळीच घेऊ नये. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी काढता आली, तरच मोटार परवडली असे समजावे. घेतल्यावर एक वही ठेवावी आणि काय केव्हा बदलले ते तारखेसह लिहावे. माझी वही त्या रविवारनंतर सुरू झाली. तिच्या पहिल्या पानावर ब्रेकच्या नळ्या आहेत. पॉलिशला अजून तिच्यात जागा मिळालेली नाही.

आजही रविवारी सकाळी आम्ही बरुआसागरला जातो. तलावाच्या बांधाशी मोटार उभी करतो, चारही काचा खाली घेतो आणि पाण्यावरचा वारा आरपार वाहू देतो. निघण्यापूर्वी मात्र पुढच्या चाकांजवळ हात नेऊन ती सारखीच तापली आहेत ना, हे पाहतो. नातवंडांनाही आता ती सवय लागली आहे.