पलटणीतल्या शिंप्याच्या वह्या

आमच्या घरी आजोबांच्या मापांच्या सत्तावीस वह्या आहेत. लांब, अरुंद, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, वाण्याच्या खतावणीसारख्या. पहिल्या वहीवर १९४६ साल आहे आणि शेवटच्या वहीवर १९९४. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत निर्णा गावातील आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील कोण किती रुंद होता, कोणाचा हात आखूड होता, कोणाचे पोट कधी सुटले, हे सगळे त्यांत मराठीत लिहून ठेवलेले आहे.

निर्णा तेव्हा हुमनाबाद तालुक्यात होते, आता चिटगुप्प्यात गेले. तेलंगणाची हद्द जवळ. एका गल्लीत कानडी, दुसरीत मराठी, बाजारात दखनी आणि जहिराबादकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाची तेलुगू. आजोबा या चारही भाषा बोलत. वहीत मात्र माणूस जे म्हणाला ते ते देवनागरीत उतरवून घेत. म्हणून एका पानावर 'अंगी, बाही सैल' असे आहे आणि त्याखालीच 'शेरवानी, गळा बंद'. कानडीतली अंगी आणि उर्दूतली शेरवानी एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात.

आम्ही त्यांना आबा म्हणत असू. कानडी शेजारी त्यांना 'मिलिट्री अज्जा' म्हणत, कारण ते १९४१ साली पलटणीत गेले होते. घरात खाणारी तोंडे सात आणि सुई एक. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा आणि पलटणीचा पगार कलदार रुपयांत मिळायचा. सहा कलदारांना सात हाली येत, एवढा हिशेब गावात सगळ्यांना पाठ होता. आबा बैलगाडीने गुलबर्ग्याला गेले, तेथून रेल्वेने बेळगावला. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावातच आहे. भरती करणाऱ्याने विचारले, काय येते? आबा म्हणाले, शिवता येते. झाले. बंदुकीआधी त्यांच्या हाती कात्री आली.

पलटणीत शिंपी, मोची, न्हावी, धोबी लागतातच. लढाईच्या पुस्तकांत त्यांची नावे नसतात. आबा इटलीत होते, तेथे त्यांनी मुख्यतः फाटलेले कोट शिवले. डोंगरातला चिखल, बर्फ, गारठून न वळणारी बोटे आणि कोटाच्या जाड कापडात मोडणाऱ्या सुया, याच्यापलीकडे ते फारसे सांगत नसत. एका गावात एका म्हाताऱ्या इटालियन शिंप्याने त्यांना दोऱ्याची रिळे दिली होती. तेथे शिंप्याला 'सार्तो' म्हणतात. तो शब्द आबा शेवटपर्यंत विसरले नाहीत. गल्लीत नवा शिंपी आला की म्हणायचे, "आला बघा आणखी एक सार्तो."

एक गोष्ट मात्र ते आम्हा नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगत. ती स्वतःची नव्हे, नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांची. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. नामदेव जाधव कंपनीचे निरोप्ये होते. सोबतचे बरेचसे गारद झाले, तेव्हा त्यांनी जखमींना भूसुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून मागे आणले, मग शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची गर्जना करत मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी जुलै १९४४ मध्ये यशवंत घाडगे यांनाही मिळाला होता, पण तो मरणोत्तर. आबांच्या सांगण्यात शौर्याइतकेच महत्त्व गर्जनेला असे. "परक्या मुलखात माणूस आपल्याच भाषेत ओरडतो रे," ते म्हणत. आम्ही हसायचो. तेव्हा आम्हाला त्यात हसण्यासारखे वाटले, आता वाटत नाही.

१९४६ साली पलटणीतून सुटका झाली. पेन्शन नाही, कारण तेवढी वर्षे भरली नव्हती. मिळालेल्या पैशांतून त्यांनी एक पायमशीन घेतली आणि पहिली वही घातली. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांत काजबटणाचे काम करणाऱ्या मुसलमान शेजाऱ्याचे कुटुंब आमच्या माळवदावर राहिले, एवढे आजीकडून कळले. आबांना विचारले तर ते सुईत दोरा ओवू लागत. वहीत त्या महिन्यात एकही माप नाही.

मग १९५६ चा १ नोव्हेंबर. जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी मुलखाकडे गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. आबांची धाकटी बहीण उदगीरला दिलेली. एका सकाळी भाऊ एका राज्यात आणि बहीण दुसऱ्या राज्यात. दिवाळीला ती येई तेव्हा आबा तिच्या मुलांना पोलकी, चड्ड्या शिवून देत. त्या पानावर गावाचे नाव असे आणि कंसात 'महाराष्ट्र'. आधीच्या वह्यांत कंस नाहीत.

आबा देवभोळे नव्हते, पण भाविक होते. नामदेव महाराज शिंपी, म्हणून पंढरी आपलीच, असे त्यांचे साधे गणित. दत्तजयंतीला माणिकनगरला जाणे चुकवत नसत. माणिकप्रभूंनी मराठीत, हिंदीत, कानडीत पदे केली, याचा त्यांना फार अभिमान. आणि घरात प्रत्येक नवजात नातवंडाला पहिली कुंची त्यांच्याच हातची. गिऱ्हाइकाच्या कापडातल्या चिंध्या ते परत देत. ज्या कोणी नेत नसे त्यांचीच कुंची होई. आमची कुंची तीन रंगांची होती, असे आई सांगे. अंक आम्ही शाळेत नाही, त्यांच्या टेपवर शिकलो.

आता जे सांगायचे ते सांगणे कठीण जाते.

१९९० च्या सुमारास आबांना एका सरकारी कार्यालयात अर्ज द्यायचा होता. कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. सोबत आम्ही होतो, नुकतेच शिकून बाहेर पडलेले. आबांनी रात्री बसून अर्ज मराठीत लिहिला होता, खाली वळणदार सही. खिडकीतल्या बाबूने तो वाचलाच नाही. कानडी फॉर्म पुढे सरकवला आणि मराठी सही चालणार नाही, अंगठा लावा म्हणाला. आबा उभे राहिले. चार भाषा बोलणारा, इटलीपर्यंत जाऊन आलेला, गावातल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहून ठेवणारा माणूस. ते आमच्याकडे पाहत होते. आणि आम्ही म्हणालो, "आबा, लावा अंगठा. काम तरी होईल."

त्यांनी लावला. शाई धोतराला न पुसता रुमालाला पुसली. परतताना एसटीत बोलले नाहीत. घरी आल्यावर वही उघडली आणि दिवसाची तारीख घालून स्वतःचेच नाव लिहिले, पूर्ण नाव, एकदाच. त्या पानावर दुसरे काही नाही.

राज्यघटनेचे ३५० वे कलम आम्ही पुढे बी.एड.च्या काळात नीट वाचले. गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले ३५० क हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे सांगते. त्याच वर्षी केंद्राने दिलेल्या हमीपत्रकाप्रमाणे जेथे अल्पसंख्य भाषिक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढायच्या आहेत. हे त्या दिवशी आम्हाला ठाऊक असते तर? कदाचित तरीही अंगठाच लागला असता. पण 'लावा' हे आम्ही म्हणालो नसतो.

समितीच्या बैठकीत आम्ही हे बोललो तेव्हा एका तरुणाने विचारले, मग कानडी शिकायची नाही का? शिकायचीच. आमच्या वर्गातली मुले उत्तम कानडी बोलतात आणि बोललीच पाहिजेत. आबा बोलत होतेच. चौथीच्या मुलांकडून मात्र आम्ही वर्षाच्या पहिल्या दिवशी मराठीत सही गिरवून घेतो. काही पालकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

आबा १९९६ साली गेले. मशीन गंजली, वह्या राहिल्या.

गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतले एक कानडी गृहस्थ आले. त्यांचे वडील आबांचे जुने गिऱ्हाईक. वडिलांचा एकही फोटो घरात नाही, म्हणाले, तुमच्या वहीत काही असेल का? दुपारभर शोधले. १९६३ च्या वहीत सापडले. 'अंगी. उंची २९, छाती ३६, तीरा १७, बाही २३. डावा खांदा किंचित उतरता.' आम्ही वाचून दाखवले. त्यांनी खिशातून कागद काढून ते आकडे कानडीत लिहून घेतले, मग शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली आणि स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.