अण्णांना टोपी घालताना

ग्राफिक नॉव्हेल काढायचं म्हणजे मस्त मस्त चित्रं काढायची, असा आमचा सरळसोट समज होता. जालना जिल्ह्यातल्या एका मोसंबीच्या बागेनं तो मोडून काढला. त्या लोच्याची ही गोष्ट.

"हा कोण?"

"तुम्हीच आहात, अण्णा."

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. कागद आधी जवळ धरला, मग लांब धरला. कागदावर एक शेतकरी होता. डोक्याला पटका, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, पायाखाली भेगाळलेली जमीन, हात कपाळावर आणि नजर थेट आभाळाकडे. आमच्या चित्रकारानं त्यावर दोन रात्री घातल्या होत्या.

"मी पटका कधी बांधला गं? अन् आभाळाकडं कामून बघू राहिलो? पाऊस काय बघितल्यानं पडतो व्हय?"

चित्रकार माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. अण्णा आयुष्यभर एकच टोपी घालतात. खताच्या दुकानात फुकट मिळालेली, पुढे चोच असलेली, कंपनीचं नाव धुऊन धुऊन उडालेली. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्याच घरात वाढले. तरी कागदावर 'शेतकरी' म्हटल्यावर माझ्या डोक्यातून आला तो पाठ्यपुस्तकातला पटकेवाला.

थोडा फ्लॅशबॅक. आमचा चित्रकार पुण्यात एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत स्टोरीबोर्ड करतो. तोही जालन्याचाच, त्यामुळे भेटलो की तिसऱ्या मिनिटाला मोसंबी, स्टीलच्या मिल आणि 'जालना, सोन्याचा पाळणा' या म्हणीवर हमखास गाडी येते. अशाच एका चहावर ठरलं की २०१२-१३ च्या दुष्काळावर ग्राफिक नॉव्हेल करायचं. त्या वर्षी जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांच्या बागा वाळल्या. त्यातली एक आमची, दोन एकर, मी पहिलीत असताना लावलेली. म्हटलं, गोष्ट घरचीच आहे, हिरो घरचाच आहे, टेन्शन कसलं? चोवीस पानं तयार करून आम्ही ऐटीत गावी गेलो आणि पहिल्याच पानावर आऊट झालो.

चिंटूला वय नसतं

आपल्या पिढीला 'कॅरेक्टर' म्हटलं की चाचा चौधरी आठवतो, नाहीतर चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला. आपण शाळेत गेलो, कॉलेजला गेलो, नोकरीला लागलो, पण चिंटू तेवढाच राहिला. स्ट्रिपचा फंडाच तो आहे. पात्र बदलायचं नाही, म्हणूनच सकाळी अर्ध्या सेकंदात ओळख पटते.

ग्राफिक नॉव्हेलमध्ये नेमका इथेच डोक्याला शॉट लागतो. पात्र शेवटच्या पानापर्यंत बदललं पाहिजे आणि तरी प्रत्येक चौकटीत तेच वाटलं पाहिजे. कादंबरीत 'अण्णा' एवढं लिहिलं की झालं. सिनेमात तर नट आयता समोर असतो. इथे तोच माणूस दोन-तीनशे वेळा काढायचा. पाठमोरा, वरून, अंधारात, तोंडात घास असताना, दहा वर्षं तरुण असताना.

त्यासाठी अ‍ॅनिमेशनवाले 'मॉडेल शीट' करतात. एकाच कागदावर पात्र समोरून, बाजूनं, मागून आणि चार-सहा हावभावांत काढून ठेवायचं. आणखी एक टेस्ट असते, सावलीची. पात्र पूर्ण काळ्या रंगानं भरून टाका आणि नुसत्या आकारावरून ओळखू येतं का बघा. चित्रकारानं आमच्या पाच शेतकऱ्यांवर ही टेस्ट केली तेव्हा पाच पटके आणि पाच काठ्या दिसल्या. अण्णा कोणते, ते मलासुद्धा सांगता येईना.

पक्षी बोलतो, विंचू बोलतो

मग आम्ही शिकायला बसलो. म्हणजे वाचायला. आपल्या आसपासच्या मातीतली काही पुस्तकं इतकी सॉलिड आहेत, की आधी का वाचली नाहीत म्हणून स्वतःचाच राग आला.

सगळ्यात आधी 'भीमायन'. 'नवयाना'नं २०११ मध्ये काढलेलं, डॉ. आंबेडकरांच्या अनुभवांवरचं पुस्तक. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची. सुरुवात होते आजच्या एका बसस्टॉपवर, आरक्षणावर वैतागलेल्या एका तरुणापासून. गोंड चित्रात चेहरा बहुतेक बाजूनं दिसतो आणि त्यात एक मोठ्ठा डोळा असतो. हॉलिवूड स्टाइल 'एक्स्प्रेशन' वगैरे भानगड नाही. मग कोण कसा आहे, हे कळतं कशावरून?

बोलण्याच्या फुग्यावरून! जे मायेनं बोलतात त्यांच्या फुग्याला पक्ष्याचा आकार. ज्यांच्या बोलण्यात जातीचं विष आहे त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचारांच्या फुग्याला डोळा. माणूस काय बोलला हे वाचायच्या आधीच तो डसणार आहे की नाही, हे तुम्हाला कळतं. शिवाय व्याम दांपत्यानं पात्रांना चौकटीत कोंबायला नकार दिला. माणसांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पानावर ठोकळेबाज खोके नाहीत, भिंतीवरच्या दिग्ना नक्षीच्या वळणदार रेघा आहेत.

या पुस्तकात १९३४ चा दौलताबादचा प्रसंगही येतो. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी किल्ला बघायला गेले, टाक्यातल्या पाण्यानं हातपाय धुतले आणि 'टाकं बाटवलं' म्हणून जमाव अंगावर धावून आला. दौलताबाद आमच्याकडून पाऊणशे किलोमीटर. शाळेच्या सहलीत मला तिथे चांद मिनार दाखवला, मेंढा तोफ दाखवली, अंधारीत वटवाघळांना घाबरून किंचाळायलाही लावलं. टाक्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ते मला चित्रांच्या पुस्तकातून कळलं, तेही नोकरीला लागल्यावर.

त्याच वर्षी त्याच प्रकाशनानं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' काढलं. लेखन पुन्हा श्रीविद्या नटराजन, चित्रं अपराजिता निनान यांची, आधार महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'चा. मूळ पुस्तक १८७३ चं, आणि गंमत बघा, ते लिहिलंय जोतिराव आणि धोंडिबा यांच्या संवादात. म्हणजे पात्रं आयती हजर! पण या दोघी आणखी एक पायरी पुढे गेल्या. लेखिका आणि चित्रकार स्वतःच पात्रं होऊन पुस्तकात शिरल्या. इथे माझी ट्यूब पेटली. आमच्या चोवीस पानांत मी कुठेच नव्हते. दुष्काळात मी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) होस्टेलवर मजेत होते, हे लपवायला सोयीचं पडत होतं, इतकंच.

आणि अमृता पाटील. जन्म पुण्यातला, बालपण गोव्यातलं. त्यांची 'करी' २००८ मध्ये आली. करी जाहिरात एजन्सीत काम करते, फ्लॅट शेअर करते. म्हणजे आपल्यातलीच, दाट धुरक्याच्या महानगरात लोकल पकडणारी वगैरे. पण गोष्ट सुरू होते ती दोन मुलींनी इमारतीवरून उडी मारण्यापासून. करी फार बोलत नाही. तिचा सगळा आवाज आतला, चित्रांशेजारच्या निवेदनातला. पानं बरीचशी काळी-करडी, मध्येच रंग उसळतो. पुढे 'आदि पर्व' (२०१२) आणि 'सौप्तिक' (२०१६) मध्ये पाटील महाभारताकडे वळल्या आणि निवेदक निवडले गंगा आणि अश्वत्थामा. म्हणजे महाभारत तेच, पण सांगणारा बदलला की सगळ्यांचेच चेहरे बदलतात.

हे वाचून चित्रकारानं आमच्या अण्णांचे डायलॉग मोठ्यानं वाचले. "या काळ्या आईची शपथ..." पुढे त्याला वाचवेना आणि मला ऐकवेना. अण्णा दिवसाला जेमतेम वीस वाक्यं बोलतात, त्यातली दहा बैलाशी.

ताण

दुसऱ्या फेरीत आम्ही चित्रं नेलीच नाहीत, नुसती कोरी वही नेली. विषय काढला मोसंबीचा. त्यावर मात्र अण्णा सुटले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोसंबीला आंबे बहार धरायचा असेल तर हिवाळ्यात पाणी तोडतात. याला 'ताण देणं' म्हणतात. जमीन बघून महिना-दोन महिने. पानं मलूल होतात, काही गळतात. मग मशागत, खत आणि पाणी सोडलं की झाड फुलांनी लगडतं. झाडाला उपाशी ठेवल्याशिवाय ते फुलत नाही. आंबे बहाराची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताशी येतात.

"डिसेंबरात ताण दिला," अण्णा म्हणाले. "विहिरीत पाणी होतं थोडं. वाटलं, पुरंल. जानेवारीत मोटार लावली तर गाळ आला."

आणि गप्प. बारा-तेरा वर्षं मी 'दुष्काळानं बाग गेली' असं सगळ्यांना सांगत आले. ताण आपण दिला आणि तोडायला पाणी उरलं नाही, हे अण्णा इतकी वर्षं आत घेऊन बसलेत, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या चोवीस पानांत व्हिलन होता सूर्य. अक्षरशः, दात काढलेला सूर्य. चित्रकारानं ते पान तिथल्या तिथे फाडलं.

मग मी विचारलं, "झाडं काढली त्या दिवशी तुम्ही कुठे उभे होतात? आम्हाला तो सीन काढायचाय."

"मी नव्हतोच. अंबडच्या स्टँडवर बसलो होतो. सकाळच्या गाडीनं गेलो, शेवटच्या गाडीनं आलो."

"दिवसभर? काय केलंत?"

"चहा पिलो."

आमच्याकडे त्या प्रसंगाची चार पानं तयार होती. अण्णा शेवटच्या झाडाला मिठी मारतात, असं फुल टू इमोशनल स्प्रेड. ते संपलं.

"अन् मी कुठाय ह्यात?" हा आवाज स्वयंपाकघरातून आला.

आईनं आमची जुनी पानं आधीच बघितली होती. चोवीस पानांत ती तीनदा होती: एकदा भाकरी थापताना, एकदा दारात, एकदा डोळ्याला पदर लावून. एकही फुगा तिच्या नावावर नव्हता. लाज वाटावी असा स्कोअर, आणि स्क्रिप्ट लिहिणारी मी, तिचीच मुलगी.

"जेसीबी आला तवा मीच होते बांधावर. त्यांना चहापाणी मी केलं. झाडं मोजून दिली मी. दोनशे एकोणीस. सरपणवाल्याचा टेम्पो आला, त्याच्याशी भावपण मीच केला."

"तू रडलीस?" चित्रकारासमोर हा प्रश्न विचारायला नको होता, पण विचारला.

"रडायला येळ कुठं होता? टेम्पोवाला झाडं कमी सांगू राहिला होता."

आता सांगा, हिरो कोण?

फुलशर्ट

सध्या आम्ही सगळं नव्यानं करतोय. आईची मॉडेल शीट झालीय. साडीवर अण्णांचा जुना फुलशर्ट, बाह्या मनगटापर्यंत, पदर कमरेला खोचलेला. आमच्याकडे शेतात जाणारी कुठलीही बाई बघा, अशीच दिसते. ऊन आणि काट्यांपासून वाचायला याहून भारी ड्रेस नाही. सावलीच्या टेस्टमध्ये ती पहिल्या झटक्यात पास झाली. अण्णांना चोचवाली टोपी मिळाली. मीही आलेय पुस्तकात, होस्टेलच्या गच्चीवर, कानात इअरफोन. सूर्य नुसता सूर्य आहे, त्याचे दात काढून टाकलेत.

एका गोष्टीवर मात्र घरात अजून तह झालेला नाही. ताणाची गोष्ट पुस्तकात घ्यायची की नाही? चित्रकार म्हणतो, तीच तर खरी गोष्ट आहे. मला वाटतं, ती अण्णांची आहे, पुस्तकाची नाही. आईचं म्हणणं, त्यांनाच विचारा. विचारलं. अण्णा म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे आईलासुद्धा तीस वर्षांत कळलेलं नाही, त्यामुळे ती आठ पानं पेन्सिलीतच ठेवलीयत. शाई फिरवलेली नाही.

स्टँडचं पान मात्र पक्कं झालंय. अंबडचा बसस्टँड, बाकावर टोपीवाला माणूस, समोरून एकामागून एक एसटी येतात आणि जातात. सहा चौकटी, एकही फुगा नाही. गेल्या महिन्यात ते गावी नेलं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद जवळ धरला, लांब धरला. बराच वेळ बघत राहिले. आम्ही दोघं श्वास रोखून.

"कप कामून काढला?" ते म्हणाले. "ग्लास होता. काचेचा."

चित्रकारानं खिशातून खोडरबर काढलं.