डोंगर, तळी आणि लाल पेरू

जून महिन्यातील एका रविवारी आम्ही पाच कुटुंबांची मंडळी एका मोठ्या व्हॅनमधून व्हाक्वाहून सहलीला निघालो. थंडी चांगलीच होती. आजींनी शाल घेतली होती आणि मुलांच्या हाती दालपुरीचे पुडे होते.

पहिला मुक्काम मार-ओ-व्हाक्वा. बेटावरील हा सर्वांत मोठा जलाशय. काठच्या झाडांवर धुके उतरले होते आणि पाणी कुठे संपते ते कळत नव्हते. घरचा नळ उघडताना या पाण्याची आठवण आपल्याला क्वचितच होते!

पुढे पेत्रँवरून गंगा तलावास गेलो. हे तळे जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठले आहे. १९७२ साली येथे गंगाजल मिसळण्यात आले. हात जोडताना आजी म्हणाल्या, "आम्ही लहानपणी शिवरात्रीला इथवर पायी येत होतो. तुम्ही गाडीतून उतरताच दमता!" सगळे हसले, पण मुले लगेच सरळ चालू लागली.

मग प्लेन शांपाञ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल पेरू पिकले होते. पोरांनी टोप्या भरल्या, आम्हीही मागे राहिलो नाही. मीठ-मिरची लावून खाण्यात जी मजा, ती दुसऱ्या कशात नाही. परंतु आमच्यातील एक शिक्षक म्हणाले, "हे झाड मूळचे ब्राझीलचे. ते इतके दाट वाढते की खाली आपल्या रानाची रोपे उगवतच नाहीत." चांगल्या स्थितीतले मूळ अरण्य बेटावर २ टक्क्यांहूनही कमी उरले आहे, हे ऐकून आमचे तोंड क्षणभर थांबले. एका मुलीने विचारले, "आजी, आपणही बाहेरूनच आलो ना?" आजी म्हणाल्या, "आलो बाळा. म्हणूनच दुसऱ्याला जागा सोडायची."

अलेक्झांड्रा धबधबा पाहून आम्ही ब्लॅक रिव्हर दरीच्या कठड्याशी उभे राहिलो. १९९४ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. बेटाचे सर्वांत उंच शिखर, ८२८ मीटरचे, याच डोंगररांगेत आहे. खोल दरीत हिरव्या रंगाच्या किती छटा! दूर पश्चिमेला समुद्र चमकत होता. वर शेपटीसारखी लांब पिसे असलेले पांढरे पक्षी तरंगत होते.

शामारेलची रंगीत माती पाहून वळणावळणाने खाली उतरलो, तो समोर ल मॉर्न. पळून आलेल्या गुलामांनी या डोंगरावर आसरा घेतला होता. २००८ साली त्याला जागतिक वारसा मानण्यात आले. व्हॅनमधली गाणी आपोआप बंद झाली.

परतताना अंधार पडला होता. मुलांनी मात्र ठरवले आहे, पुढच्या खेपेस पेरू तर खायचेच, पण रानात देशी रोपे लावणाऱ्यांच्या मदतीलाही जायचे. वाचकहो, आपणही एखाद्या रविवारी घरच्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन या वाटेने अवश्य जावे.