मांजरीच्या पिलांतील जंत व पोटाचे विकार

माण-खटावचा शाळू असो, पाटण-जावळीचा भात असो, की जत-आटपाडीची बाजरी असो, शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट अखेर घरातल्या कणगीत, कोठीत किंवा पोत्यांच्या थप्पीत येऊन विसावतात. पूर्वी साठवणीसाठी जमिनीत पेवे खोदण्याची पद्धत होती. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे त्यासाठी सर्वत्र प्रसिद्ध होती; त्यांतील पुष्कळशी २००५ च्या महापुरात निकामी झाली. आता बहुतेक घरी धान्य जमिनीवर, पोत्यांतच असते. पोते म्हटले की उंदीर आलाच. तो जेवढे खातो त्याहून अधिक धान्य लेंड्यांनी, मुताने व केसांनी नासवितो.

घरात एखादे चपळ मांजर असले म्हणजे उंदरांना धान्याच्या खोलीत निर्धास्तपणे वावरता येत नाही. मांजरामुळे उंदीर समूळ नाहीसे होतात असे नव्हे. बिळे बुजविणे, पोती फळ्यांवर व भिंतीपासून दूर रचणे ही कामे करावीच लागतात. तरीही हा राखणदार फार थोड्या खर्चात मिळतो. असे असूनही त्याच्या पिलांकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. कडब्याच्या गंजीत किंवा माळ्यावर मांजर व्याले, चार पिले झाली आणि दोन महिन्यांत त्यांतील एकच उरले, हा अनुभव घरोघरी येतो. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, पाठीची हाडे वर आलेली, केस राठ झालेले आणि शेपटीखालचा भाग सदा लिडबिडलेला असे पिलू दिसले, की “त्याला जगायचे नव्हते” असे म्हणून विषय संपविला जातो. वास्तविक यांतील पुष्कळ पिले वाचण्याजोगी असतात. त्यांच्या मृत्यूची दोन कारणे वारंवार आढळतात. एक आईच्या दुधातून आलेले जंत व दुसरे मालकाने मायेने पुढे ठेवलेली दुधाची वाटी.

जंत येतात कोठून?

पिलांत सर्वाधिक आढळणारा जंत म्हणजे गोलजंत होय. तो पांढुरका, शेवयांसारखा व काही सेंटिमीटर लांब असतो. मोठ्या मांजरीच्या शरीरात याच्या सूक्ष्म अळ्या स्नायूंमध्ये दडून राहतात. मांजर व्याल्यावर त्या दुधावाटे पिलांच्या पोटात जातात. म्हणून पिलू घराबाहेर पडलेले नसले, त्याने माती चाटलेली नसली, तरी त्याला जंत असू शकतात. विष्ठेत जंत दिसले नाहीत म्हणजे पिलू निर्धोक आहे, हा समज चुकीचा आहे.

दुसरा प्रकार अंकुशकृमीचा. हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतो. याच्या अळ्या ओल्या मातीतून तोंडावाटे अथवा कातडीतून शरीरात शिरतात. त्यामुळे पावसाळ्यात व गोठ्याच्या ओलीत याचा उपद्रव वाढतो. पिलाच्या हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसू लागल्या किंवा विष्ठा डांबरासारखी काळी झाली, तर हा जंत असण्याची शंका घ्यावी.

तिसरा प्रकार चपट्या फीतकृमीचा. याचे तुटलेले तुकडे तांदळाच्या दाण्यांसारखे शेपटीखाली चिकटलेले दिसतात. यांतील एक जात पिसवांमार्फत येते. पिलू अंग चाटताना पिसू गिळते आणि तिच्यातील कृमी पोटात जातो. दुसरी जात उंदीर खाल्ल्याने येते. म्हणजे जे मांजर आपले काम चोख करते, त्यालाच हा जंत होण्याचा संभव अधिक. अशा मांजराला ठराविक काळाने औषध देणे हा त्याच्या राखणदारीचा मोबदला समजावा.

औषध केव्हा द्यावे?

जंत दिसण्याची वाट न पाहता दिवस मोजून औषध द्यावे. पिले तीन आठवड्यांची झाली की पहिली मात्रा द्यावी. त्यानंतर पाचव्या, सातव्या व नवव्या आठवड्यात ती पुन्हा द्यावी आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा एकदा द्यावी. इतक्या वेळा देण्याचे कारण असे, की औषधाने आतड्यातील जंत पडतात. परंतु शरीरात फिरणाऱ्या व दुधातून नव्याने येणाऱ्या अळ्यांवर त्याचा पुरेसा परिणाम होत नाही. त्या पंधरवड्यात वाढून आतड्यात उतरतात. दुसरी मात्रा त्यांच्यासाठी असते. पिलांबरोबर आईलाही औषध द्यावे. पिलांना द्यावयाचे व आईला तसेच ठेवावयाचे, हे एका बाजूने बांध घालून दुसऱ्या बाजूने पाट सोडण्यासारखे आहे.

व्याल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी आणि तेथेच पुढील मात्रांच्या तारखांवर खूण करावी.

मात्रा वजनावर ठरवावी

जन्मतः पिलाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते व पुढे ते साधारणपणे आठवड्याला १०० ग्रॅमने वाढते. तीन आठवड्यांचे पिलू ३०० ते ४०० ग्रॅमचे भरते. ही सरासरी झाली. प्रत्येक पिलाचे वजन स्वतंत्रपणे करावे. किराणा दुकानातील अथवा स्वयंपाकघरातील तराजूवर टोपलीत ठेवून ते सहज होते. वजन केलेल्या दिवसाची नोंद ठेवली म्हणजे वाढ खुंटलेले पिलूही लवकर ओळखू येते.

गोलजंत व अंकुशकृमी यांवर पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल ही औषधे वापरात आहेत. फीतकृमीसाठी प्राझिक्वांटेल लागते. फेनबेंडाझोलची मात्रा गोलजंतांसाठी साधारणपणे दर किलो वजनास ५० मिलिग्रॅम, अशी ओळीने तीन दिवस देतात. या हिशेबाने ४०० ग्रॅमच्या पिलाला एका वेळी २० मिलिग्रॅम औषध पुरते. जनावरांसाठी मिळणाऱ्या दहा टक्के पातळ औषधाचे हे फक्त ०.२ मिलिलिटर, म्हणजे चारपाच थेंबच झाले. वासराला पाजण्याच्या बाटलीतून अंदाजाने चमचाभर ओतणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल. म्हणून कोणते औषध व किती द्यावयाचे, हे वजन सांगून पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावे.

औषध देताना पिलाला पोटावर बसते ठेवावे. त्याला उताणे धरू नये. सुई काढलेल्या पिचकारीने ओठांच्या कोपऱ्यातून थेंब थेंब सोडावे. घशात एकदम ओतल्यास औषध फुप्फुसात जाते. औषधानंतर एकदोन दिवस विष्ठेत जंत पडतील. त्याने घाबरू नये. परंतु पोट फार फुगलेले व पिलू अगदी क्षीण असल्यास घरी औषध न देता त्याला दवाखान्यात न्यावे. एकदम मेलेल्या जंतांच्या गुंत्याने आतडे तुंबण्याचा धोका असतो.

दुधाची वाटी आणि हगवण

मांजर दूध पिते, हे सर्वांना ठाऊक आहे. दूध त्याला पचते की नाही, याचा विचार कोणी करीत नाही. दुधातील साखर पचविणारे पाचकद्रव्य पिलू आईचे दूध सोडू लागले की कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात आंबते आणि पिलाला पातळ ढाळ होतात. म्हशीच्या दुधातील भरपूर स्निग्धांश त्यात भर घालतो. एखाद्या पिलाला दूध सोसते. परंतु ढाळ होणाऱ्या पिलाचे वरचे दूध प्रथम बंद करावे. आईचे दूध मात्र कधीही तोडू नये. पिण्यास स्वच्छ पाणी ठेवावे.

चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्नाची सवय लावावी. दूध-भाकरीवर मांजराचे पोट भरते, पण शरीर पोसत नाही. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या डोळ्यांना व हृदयाला आवश्यक असणारे टॉरिन नावाचे द्रव्य मांस व मासळी यांतूनच मिळते. शिजवून बारीक केलेली कोंबडी किंवा मासळी हाडे व काटे काढून, दिवसातून चार वेळा, थोडी थोडी द्यावी. अंड्याची जोड चालते. ज्या घरात मांसाहार नाही, तेथे मांजरांसाठी मिळणारे तयार खाद्य भिजवून द्यावे. अन्नातील बदल हळूहळू, आठवडाभरात करावा.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सातारा-सांगलीकडच्या रश्श्यात कांदा-लसूण मसाला असतोच. कांदा व लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. म्हणून ताटातील रस्सा-भाकरी पिलापुढे टाकू नये. मांस मसाला घालण्यापूर्वीच वेगळे काढावे.

ढाळ लागल्यास काय करावे?

जंत व दूध यांखेरीज इतर कारणांनीही ढाळ होतात. आव व रक्त पडत असल्यास कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म जीवांचा उपद्रव असू शकतो व त्यावर नेहमीचे जंतनाशक चालत नाही. एकाएकी ताप, वारंवार वांती व मलूलपणा येऊन पिले पटापट दगावू लागली, तर तो विषाणूंचा संसर्ग असण्याचा संभव असतो. त्यासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लस टोचून घेता येते.

कारण कोणतेही असो, लहान पिलू मरते ते बहुधा शरीरातील पाणी आटल्याने व अंग गार पडल्याने. अंग गार लागत असल्यास प्रथम ऊब द्यावी. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. पिलाला तिच्यापासून दूर सरकता येईल एवढी जागा असावी. गार पिलाला काही पाजू नये, कारण त्याचे आतडे काम करीत नसते. अंगात ऊब आल्यावर जलसंजीवनीचे थोडे थोडे थेंब पाजावेत. त्याला उपाशी ठेवू नये. मोठ्या माणसाला मानवणारे लंघन पिलाचा जीव घेते. ढाळांत रक्त असेल, वांती होत असेल, पिलू खात नसेल किंवा आठ आठवड्यांहून लहान असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

याउलट काही पिलांना शौचास होत नाही. तीन आठवड्यांपर्यंत आई चाटते तेव्हाच पिलाला शौच व लघवी होते. आई नसलेल्या पिलाला प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने शेपटीखाली हळुवार पुसावे.

घरगुती उपायांतील धोके

पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी आहे. तिचा लहानसा तुकडाही प्राणघातक ठरतो. एरंडेल पाजल्याने ढाळ वाढून पिलू अधिक सुकते. जनावरांच्या गोचिडांवर वापरावयाची परमेथ्रिनयुक्त औषधे पिसवांसाठी मांजराला लावू नयेत. मांजर वावरते तेथे फिनेलही टाळावे. ते मांजराला बाधते आणि जंतांची अंडी त्याने मरतही नाहीत. त्यासाठी उकळते पाणी अधिक गुणकारी आहे. धान्याच्या खोलीत उंदरांचे विष ठेवले असेल, तर विष खाल्लेला उंदीर मांजर खाईल हे लक्षात ठेवावे. राखणदार आणि विष एका खोलीत नांदू शकत नाहीत.

घरातील मुलांसाठी

पिलांच्या जंतांचा संबंध घरच्या मुलांशीही आहे. गोलजंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडल्यावर दोनतीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात व पुढे अनेक महिने टिकतात. परड्यात खेळणाऱ्या मुलांच्या मातीच्या हातांवाटे ती पोटात गेल्यास त्यांतील अळ्या यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यापर्यंतही पोचतात. यावर उपाय सोपा आहे. धान्यापासून दूर, एका कोपऱ्यात वाळूची पाटी ठेवावी. पिलांना तिची सवय लवकर लागते. पाटीतील विष्ठा रोज उचलून खोल खड्ड्यात पुरावी. ती भाजीच्या वाफ्यात किंवा खळ्याजवळ टाकू नये. हे काम गरोदर स्त्रीने करू नये, कारण मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा रोगजंतू पोटातील बाळाला बाधू शकतो. पिलांशी खेळल्यावर मुलांना साबणाने हात धुण्याची शिस्त लावावी.

सल्ल्यासाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. याशिवाय सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय कार्यरत आहे. गाय आजारी पडली की शेतकरी तत्काळ डॉक्टरांना बोलावतो, ते योग्यच आहे. त्याच फेरीत टोपलीतील पिलांचे वजन सांगून जंतांचे औषध विचारण्यास वेगळा वेळ लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील चार खुणा, तराजूवरची चार वजने आणि बंद केलेली दुधाची वाटी, एवढ्यावर गंजीतील चारही पिले मोठी होऊ शकतात. त्यांतील एक आपल्या घरी ठेवावे व तीन गरजू शेजाऱ्यांच्या धान्याच्या खोलीत राखणीस द्यावीत.