आजीच्या कामाचा हिशेब

नातवाचं दूध तापवायचं, डबा भरायचा, त्याला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं. हे काम पगारी बाईने केलं तर राष्ट्रीय उत्पन्नात मोजायचं, आजीने केलं तर शून्य! घरच्या म्हशीचं दूध घरातच संपलं तरी ते उत्पादन धरतात. ते तापवून पाजण्याची मेहनत मात्र धरत नाहीत. कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घरच्यासाठी केलेल्या वस्तू मोजतात, बहुतेक सेवा मोजत नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं. २०२४च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात गेली, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. घरातही तेच: मुलगा आईला पैसे देतो, तो आधार दिसतो. तिच्या भरवशावर सून नोकरीला जाते, तोही आधारच. घरखर्चाच्या वहीत आजीच्या तासांचाही रकाना आखा.