मतं खिशात, आकडा हातात!

तुमच्या ऑफिसातल्या किती मीटिंगा 'आय फील'वर सुरू होतात आणि 'आय फील'वरच संपतात? मोजा एकदा! लंडनमध्ये सदर्क स्ट्रीटवरच्या ९९ नंबरच्या इमारतीत हे खपलं नसतं. तिच्या दारावरच कोरलंय, 'फॅक्ट्स, नॉट ओपिनियन्स'.

हा खाक्या डेव्हिड कर्काल्डीचा. ग्लासगोतल्या नेपियर कंपनीत नोकरीला असलेला हा स्कॉटिश इंजिनीअर. बॉयलर आणि जहाजांसाठी लोखंड बरं की पोलाद, हे ठरवायला त्याने १८५८ पासून तीनेक वर्षं नमुने ताणून तोडले. मग नोकरीलाच रामराम! स्वतःच्या खर्चाने लीड्सच्या कारखान्यातून मशीन बनवून घेतलं आणि १८६६ मध्ये लंडनला टेस्टिंगची लॅब थाटली.

मशीन कसलं, धूडच ते! लांबी ४७ फूट, वजन शंभर टनांच्या वर. एका टोकाने पाण्याच्या दाबावर ओढायचं, दुसऱ्या टोकाला तरफा आणि वजनं लावून जोर मोजायचा. इंजिनीअरिंगवाल्यांनो, कॉलेजच्या लॅबमधलं यूटीएम आठवलं? (बहुधा इचलकरंजीचं!) सळई ताणत जाते, मध्येच बारीक होते आणि... ठाक्! त्याच खानदानातलं हे आजोबा मशीन.

पण मशीन उभं करणं हे अर्धंच काम. अशा लॅबच्या बॉसची खरी परीक्षा पुढेच. त्याचा आकडा कुणाला ना कुणाला झोंबणारच असतो.

२८ डिसेंबर १८७९. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात गाडीसकट कोसळला. गाडीतलं कुणीच वाचलं नाही. चौकशीसाठी पुलाचे तुकडे कर्काल्डीकडे आले. खांबांना तिरपे पट्टे ज्या बिडाच्या कानांवर बोल्टने जोडले होते, ते ६० टन पेलतील अशी अपेक्षा होती. मशीनवर ते तुटले २० टनांच्या आसपास! पुलाचे डिझायनर थॉमस बाउच त्याच वर्षी 'सर' झालेले, केवढं मोठं नाव! पण मशीनला नावं वाचता येत नाहीत. चौकशीत मुख्य ठपका बाउच यांच्यावरच आला.

कर्काल्डी तुटलेले नमुने फेकायचा नाही. वरच्या मजल्यावर त्यांचंच म्युझियम मांडलं होतं. १८९७ मध्ये तो गेल्यावर घरच्यांनी काम चालू ठेवलं, १९७४ मध्ये शटर पडलं. आता ती जागाच म्युझियम आहे आणि मशीन अजून चालतं. ऑनसाइटला लंडनला गेलात तर जरूर बघा, फक्त उघडण्याचे दिवस मोजके, तेव्हा आधी चौकशी करून जा.