अस्वलांच्या प्रदेशातून आइसबर्ग सरोवराकडे

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. १९१० साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र चार हजार चौरस किलोमीटरहून अधिक असून तेथे सुमारे तीनशे ग्रिझली अस्वलांचा वास आहे. अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या कुटुंबांना एका दिवसात करता येईल अशी तेथील एक वाट म्हणजे आइसबर्ग सरोवराची. ही वाट जितकी रमणीय, तितकीच जीवदयेचा अर्थ नव्याने शिकविणारी आहे.

मेनी ग्लेशियर खोऱ्यातील स्विफ्टकरंट येथून निघून सरोवरापर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे १५ किलोमीटर चालावे लागते. आरंभीचा थोडा चढ खडा आहे. पुढे वाट डोंगराच्या कुशीतून, रानफुलांनी भरलेल्या कुरणांतून आणि झुडपांतून संथपणे चढत जाते. सुमारे चार किलोमीटरवर टार्मिगन धबधबा लागतो. शेवटी तीन बाजूंनी उभ्या कड्यांनी वेढलेले निळेशार सरोवर समोर येते. कडे सुमारे ९०० मीटर उंच असल्याने ऊन बेताचेच पोहोचते आणि भर उन्हाळ्यातही पाण्यावर हिमखंड तरंगताना दिसतात.

या वाटेवर अस्वल दिसणे अपवादात्मक नाही. ते सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. मात्र अचानक समोरासमोर आल्यास, विशेषतः मादीसोबत पिले असल्यास, ते हल्ला करू शकते. म्हणून तेथे गटाने एकत्र चालावे, वळणावर व खळाळत्या ओढ्याजवळ मोठ्याने बोलावे, टाळ्या वाजवाव्यात, असे सांगितले जाते. अस्वलापासून किमान ९१ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. ते ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकते, त्यामुळे पळणे व्यर्थ आणि घातकही ठरते. आपले साधू-साध्वी ईर्यासमिती पाळताना पायाखालचा जीव जपण्यासाठी पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. येथे पाहण्याच्या जोडीला आपली चाहूल देणेही जीवरक्षणाचाच भाग होतो.

सोबत बेअर स्प्रे ठेवण्याचा आग्रह धरला जातो. त्यात लाल मिरचीतील तिखट द्रव्य असते. अंगावर येणाऱ्या अस्वलाच्या डोळ्यांची व नाकाची त्याने आग होते आणि ते सहसा माघारी वळते. त्याचा प्राण जात नाही. आत्मरक्षणाच्या अटळ प्रसंगीही दोन्ही जीव वाचविणारे हे साधन आहे. ते विमानातून नेता येत नाही. तेथेच घ्यावे लागते.

परंतु या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा नियम अन्नाचा आहे. याच पर्वतरांगेपलीकडील ग्रॅनाइट पार्क या विश्रामस्थानी एकेकाळी उरलेले अन्न बाहेर टाकले जाई आणि ते खायला येणारी अस्वले पाहण्यात पाहुण्यांना मौज वाटे. १३ ऑगस्ट १९६७ च्या एकाच रात्री उद्यानातील दोन वेगवेगळ्या ठिकाणी ग्रिझलींच्या हल्ल्यात एकोणीस वर्षांच्या दोन युवती मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर अस्वलांनाही गोळ्या घालण्यात आल्या. माणसाच्या अन्नाला सोकावलेले अस्वल माणसाचे भय विसरते आणि अखेर दोघांच्याही जिवावर बेतते, हा धडा घेऊन पुढे अन्न व कचऱ्याचे नियम कडक झाले.

येथे श्रावकाच्या मनात प्रश्न उभा राहतो. पक्ष्यांना दाणे घालणे, पांजरपोळास चारा देणे हे आपले संस्कार. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अन्नपाणी रोखणे हाही एक आहे. मग भुकेल्या प्राण्यापासून अन्न लपविणे कसे योग्य? याच यादीतील बांधणे आणि अधिक भार लादणे या दोषांकडे पाहिले म्हणजे उत्तर सापडते. हे दोष प्रामुख्याने आपल्या आश्रयाला असलेल्या जीवांविषयीचे आहेत. दावणीची गाय आपल्यावर विसंबून असते. तिचा चारा रोखणे पाप आहे. वनातील अस्वल मुळे, गवत, किडे, रानफळे शोधून स्वतंत्रपणे जगते. त्याला आपल्यावर विसंबायला लावणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य आणि पुढे प्राणही हिरावून घेणे होय. दया तीच असली, तरी तिचे आचरण येथे हात आखडण्यात आहे.

म्हणून खाखरा, चिवडा, सुकामेवा घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावा. फळाची सालही परत आणावी. सरोवराकाठी खारीसारखे लहान प्राणी जवळ येतात. मुलांचा हात सहज पुढे होतो. त्यांना प्रेमाने कारण सांगावे. ओढ्याचे पाणी गाळून व उकळूनच प्यावे. हा नियम तर आपल्या घरचाच आहे. सकाळी उजाडल्यावर निघून दुपारनंतर परतावे, कारण पहाटे व संध्याकाळी अस्वलांचा वावर अधिक असतो. जुलैत तेथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वीचे भोजनही निश्चिंतपणे साधते.

व्यापारी घरात देण्याचे मोल लहानपणापासून शिकविले जाते. कोणाला, केव्हा आणि किती द्यावे हा विवेक त्या दानाला पूर्णत्व देतो. आइसबर्ग सरोवराच्या वाटेवर हा विवेक घरातील लहानग्यालाही एका दिवसात उमगू शकतो.